नावासाठी चार श्वास

लोस होबोसमध्ये कोणी वारलं की आधी खुर्च्यांची जमवाजमव व्हायची, मग कॉफीची, आणि मग प्रश्न निघायचा: नऊ दिवसांची प्रार्थना कोण सांगणार? नदीच्या अलीकडे दोन्या तेओफिला, पलीकडे दोन्या मामेर्ता; वडीलधाऱ्या बाईला तिथे दोन्या म्हणत. तिसरं नाव नव्हतं. नवव्या दिवशी वेदी उतरवून मेणबत्त्या विझवल्या आणि आल्याचा चहा फिरला, की पाहुण्यांतली एखादी बाई हळूच विचारायची, "सांगणारी कुठली हो? गळा छान आहे." या एका प्रश्नावर दोघींचा धंदा चालायचा. विचारणारीच्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तसं कोणी दाखवायचं नाही, एवढीच रीत.

आणखी एक रीत होती. सांगणारीने स्वतःच्या घरच्या माणसासाठी सांगायचं नाही. गेलेला नवव्या दिवशी घर सोडतो, पण घरचा आवाज पुढे झाला तर मागे वळतो, असं म्हणत. म्हणून मामेर्ताची आई गेली तेव्हा तेओफिला नऊ दिवस नदी ओलांडून गेली. आणि तेओफिलाचा एकुलता मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा मामेर्ता आली. दोघींनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. एरवी बाजारात एकमेकींना बघून रस्ता बदलायच्या.

तेओफिलाचा नवरा बिएनवेनिदो जन्मभर शेळ्यांचा व्यापार करून आता झुलत्या खुर्चीत बसला होता. किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा बानीच्या दवाखान्यात रक्त धुऊन घ्यायला जायचा आणि उरलेले दिवस खोकायचा. त्याचा खोकला दोन ठोक्यांचा होता, दारावर थाप मारल्यासारखा. गल्लीतली पोरं त्याला "या, उघडंच आहे!" असं ओरडून उत्तर द्यायची.

तेओफिलाची भाची योकास्ता हेअर सलूनमध्ये काम करायची. तिने धंदा वाढवण्याचा चार रविवारांचा वर्ग केला आणि पहिला प्रयोग आत्यावर केला.

"आत्या, तुला जे येतं ते लोकांना शिकव. फुकट. मग लोकच तुझं नाव पुढे सांगतात."

"फुकट शिकवलं तर बोलावतील कशाला?"

"थोडं शिकल्यावरच माणसाला कळतं, आपल्याला काय येत नाही ते." हे वाक्य तिने वर्गात वहीत उतरवून घेतलेलं होतं.

खुर्चीतून बिएनवेनिदो म्हणाला, "पोरी, हिला एक विचार. माझ्या नऊ दिवसांना कोण सांगणार? ही तर तोंड शिवून बसणार."

"मामेर्ता येईल," तेओफिला म्हणाली. "गोळी घ्या आणि गप बसा."

"मामेर्ता मला आवडत नाही. घाई करते."

"तुम्हाला कुठं जायची गडबड आहे?"

मग दर सोमवारी व्हॉट्सअॅपवर तेओफिलाचा आवाज निघू लागला. वेदीला पायऱ्या किती, पाण्याचा पेला कुठल्या बाजूला, नऊ दिवस केर दाराबाहेर का ढकलायचा नाही, भांडलेला जावई आला तर कॉफी आधी कोणाला द्यायची. शेवटी तिचं नाव, नंबर आणि "ज्याला गरज असेल त्याला पाठवा." गरज सगळ्यांनाच होती, फक्त तारीख ठरलेली नव्हती. निरोप आसुआला गेले, राजधानीला गेले, न्यूयॉर्कला भाच्या-पुतण्यांकडे गेले. नवव्या दिवशीचा तो प्रश्न आता पहिल्या दिवसाच्या आधीच विचारला जाऊ लागला. घरी आजारी माणूस अजून सूप पीत असायचा आणि तेओफिलाला फोन यायचा, "दोन्या, पुढच्या महिन्यात मोकळ्या आहात का?"

बोलावणी नदीपलीकडूनही येऊ लागली. पहिल्यांदा तिने विचारलं, "मामेर्ता आहे ना तिकडे?" पलीकडची बाई म्हणाली, "आहे की. पण तुमचं ऐकून ऐकून आता तिचं चुकल्यासारखं वाटतं." तेओफिला गेली. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

न्यूयॉर्कच्या लोकांसाठी योकास्ताने अख्खी प्रार्थना रेकॉर्ड करायचं काढलं. गेलेल्याचं नाव घ्यायचं तिथे काय करायचं, यावर बराच खल झाला. शेवटी जागा मोकळी सोडायची ठरली, चार श्वासांची. ज्याने त्याने आपलं नाव घालावं. चौथ्या खेपेला सगळं बिनचूक झालं, आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत बिएनवेनिदो खोकला. ठक, ठक.

"पुन्हा करू," योकास्ता म्हणाली.

"असू दे गं," तेओफिला म्हणाली. तिचा गळा दुखत होता. "कोणाला ऐकू जातंय?"

"माझी हजेरी लागली," बिएनवेनिदो म्हणाला.

त्यानंतर फोन वाढले, पण ते आभाराचे होते. "दोन्या, काकांचे नऊ दिवस तुमच्यावरच झाले हो, फार सुंदर." बोलावणी एकेक करून थांबली. ब्रॉन्क्सहून एकीने विचारलं, मध्येच दार कोण वाजवतं? आमची मावशी रोज उठून बघायची. योकास्ता म्हणाली की आत्याचं नाव आता सगळीकडे आहे. ते खरं होतं. नाव सगळीकडे होतं, आत्या दुपारभर घरी होती.

पावसाळ्याच्या शेवटी दवाखान्याने सांगितलं की आता रक्त धुण्यात अर्थ नाही. बिएनवेनिदोने घरी येऊन शेळीच्या मटणाचा रस्सा मागितला, दोन चमचे घेतला, आणि म्हणाला, "जा, तिला सांगून ठेव. घाई करू नको म्हणावं."

तेओफिला नदी ओलांडून गेली. मामेर्ता अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने बसायला सांगितलं नाही, पण खुर्चीवरचं टोपलं उचललं.

"बिएनवेनिदोचं काही खरं नाही," तेओफिला म्हणाली.

"ऐकलं."

"तू येशील ना?"

मामेर्ताने तीन-चार शेंगा सोलल्या. "तीन वर्षं झाली, कोणी बोलावलं नाही मला. वहीत कधी लिहिलं नव्हतं गं. आईकडून तोंडीच आलेलं. आता मधलं मधलं निसटतं."

"आठवेल."

"फुलो गेला तेव्हा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. नाही आठवलं."

फुलो मामेर्ताचा धाकटा भाऊ. तेओफिलाला तो गेल्याचं माहीत नव्हतं.

"कधी?"

"गेल्या मे महिन्यात. तू बानीला मोठ्या घरी सांगायला गेली होतीस. फोन केला तर तुझी भाची म्हणाली, तारीख नाही, पण रेकॉर्डिंग पाठवते." मामेर्ताने दाणे ओच्यात गोळा केले. "लावलं मग. काय करणार? चांगलं झालं तसं. तुझा नवरा खोकतो त्यात."

तेओफिलाने बरंच काही बोलायचं ठरवलं आणि टोपल्यातल्या शेंगा सोलायला घेतल्या. सगळ्या संपेपर्यंत दोघी बसल्या. निघताना मामेर्ता "येते" म्हणाली नाही आणि "येत नाही" असंही म्हणाली नाही.

बिएनवेनिदो चार दिवसांनी सकाळी गेला. संध्याकाळी पाच वाजता घर भरलं. सगळे वेदीसमोर बसले, सवयीने तेओफिलाकडे बघू लागले, आणि मग सवयीची लाज वाटून जमिनीकडे. सांगणारं कोणी नव्हतं. आसपासच्या पाच गावांत कोणी नव्हतं. सगळ्यांकडे तेओफिला होती. योकास्ताने रडत रडत फोन पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला आणि लावला.

तेओफिला काळ्या कपड्यांत, ओठ मिटून, स्वतःचा आवाज ऐकत बसली. आवाज ठणठणीत होता. नावाची जागा आली. कोणी म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं. तिने म्हणायचं नव्हतं. शांततेत ठक, ठक झालं. दारातून एका लहान मुलाने उत्तर दिलं, "या, उघडंच आहे!" आईने त्याला चापट मारली. आवाज पुढे निघून गेला; तो कोणासाठी थांबणारा नव्हता.

असे आठ दिवस गेले. रोज त्या जागेत तो खोकायचा आणि नाव राहून जायचं.

नवव्या दिवशी मामेर्ता आली. नदीचं पाणी वाढलेलं, घागरा गुडघ्यापर्यंत भिजलेला. कोणाशी न बोलता पुढे जाऊन बसली. फोन लागला. नावाची जागा आली, खोकला आला, आणि त्यावर तिचा फाटका, चिरका आवाज चढला: "बिएनवेनिदो सालादिन पिमेंतेल." सावकाश, एकेक अक्षर वेगळं. चार श्वास पुरले नाहीत. फोनमधली तेओफिला पुढची ओळ म्हणू लागली तरी मामेर्ताचं आडनाव चालूच होतं.

"फोन बंद कर," तेओफिला भाचीला म्हणाली. नऊ दिवसांत घरात काढलेला तिचा पहिला शब्द.

पुढचं मामेर्ताने सांगितलं. दोन ठिकाणी अडली. अडली तिथे सगळे थांबले, आठवेपर्यंत. एक तुकडा आठवलाच नाही, तो तेओफिलाला येत होता. तिने दात ओठांवर दाबून धरले आणि तो तुकडा म्हटल्याशिवायच नवरा घरातून गेला.

वेदी उतरली. चहा फिरला. लाल रुमालवाली एक अनोळखी बाई तेओफिलाजवळ सरकली. "सांगणारी कुठली हो?" तिने मामेर्ताकडे हनुवटी केली. "नंबर मिळेल?"

"नंबर नाही तिचा," तेओफिला म्हणाली. "नदीपलीकडे, तुरीचं अंगण. जाऊन सांगावं लागतं." मग तिला बाईचा चेहरा दिसला. "कोण आहे घरी?"

"आई," बाई म्हणाली.

"मग उद्याच जा. तिला आठवायला वेळ लागतो."