गाडी नेण्यासाठी गाडी

त्या हिवाळ्यात पप्पा शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एकेका यार्डात जाऊन आडवे झाले. बूट काढायचे, शेजारी जोडून ठेवायचे, आणि टेम्पोच्या हौद्यात उघड्या पत्र्यावर पाठ टेकून डोळे मिटून घ्यायचे. मी दोन गाड्या सोडून फोनमध्ये बघत उभी राहायचे. हे गृहस्थ माझे कुणी नाहीत असं लोकांना वाटलं तर बरं, असंही त्या वेळी वाटून गेलेलं आहे.

"साब, चाय इधरीच भिजवाऊं क्या? बिस्तर पे?" एका यार्डातला दलाल म्हणाला. बाकीचे हसले. पप्पाही हसले, पण उठले नाहीत. कुशीवर वळून बघितलं, पाय लांब केले, मग पायाशी किती जागा उरते ते मला विचारलं. मला तिथपर्यंत चालत जावं लागलं.

आमची एक गाडी नेण्यासाठी आम्ही दुसरी गाडी शोधत होतो. पहिली म्हणजे पप्पांची जुनी छोटी गाडी, जिच्यावर मी चालवायला शिकले. वाळूजला पप्पांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी ती गाडी उघडून परत जोडली होती. मागची सीट काढली, आत पाइपचा पिंजरा वेल्ड केला, काचा काढून प्लास्टिकच्या जाड शीट लावल्या. ती आता फक्त ट्रॅकवर पळवण्याची गाडी होती आणि ट्रॅक होता कोइम्बतूरला. एकदा, हे सगळं अर्धवट झालेलं असताना, आम्ही ती रस्त्यानंच चालवत नेली होती. दोन रात्री पप्पा त्या कडक सीटवर बसून झोपले. परत आले ते वाकूनच. मणक्याची चकती सरकली होती.

ट्रॅकवर मी पाच फेऱ्या मारल्या होत्या. मी फार कमी बोलते. शाळेत इंग्रजीत कमी बोलायचे, घरी मराठीत. पण त्या पाच फेऱ्यांमध्ये मला कुणाला काही सांगायची गरज पडली नव्हती, आणि खाली उतरल्यावर अनोळखी माणसांनी मला विचारलं होतं की तिसऱ्या वळणावर तू इतक्या उशिरा ब्रेक कसा लावतेस. मी उत्तर दिलं. सविस्तर दिलं. पप्पा लांबून माझ्याकडे बघत राहिले होते.

मार्चमध्ये पुन्हा जायचं होतं. मम्मीची अट जुनीच होती: पप्पा बरोबर असतील तर जा. आणि डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं होतं की लांबचा प्रवास आता जितका टाळता येईल तितका टाळा, गेलातच तर वाटेत पाठ सरळ करून झोपायला हवं. "पुढच्या वर्षी बघू" असं आमच्या घरात त्यामुळे कुणी म्हणत नव्हतं. हा मार्च नाहीतर नाहीच.

मोठ्या गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा, हे पप्पांच्या मनात आधी आलं होतं. त्याचं ड्रॉइंगही त्यांनी काढलं. पण घरी बनवलेल्या ट्रेलरचं पासिंग कसं करायचं ते कुणी सांगेना, आणि आमच्या गल्लीत तो वळला नसताच. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तिथं तीन दिवस थांबायला तयार होईना. उरली आपली स्वतःची मालगाडी, जिच्यात गाडीही बसेल आणि माणूसही झोपेल.

ती चिकलठाण्याला सापडली. चौदा फुटी, मागे चारी बाजूंनी बंद पेटी. आधी औषधांचे खोके वाहायची, त्यामुळे आतून पांढरी, कोरडी, तेलाचा डाग नाही. आमची गाडी अकरा फूट. म्हणजे तिच्या पुढे तीन फुटांची पट्टी उरत होती, आणि पेटीच्या रुंदीत पप्पा आडवे मावत होते. ते त्या पट्टीत आडवे झाले. मला वाटलं, खरंच झोप लागली. मग आतून आवाज आला, "तू पण केबिन बघून घे." दलाल चहा सांगायला गेला तेव्हा मी पुढच्या सीटमागच्या फळीवर चढून झोपले. पाय पूर्ण लांब होत होते. छताला कुणीतरी चिकटवलेली चंदेरी फुलं होती. मी ती किती वेळ बघत होते कोण जाणे.

एकच अडचण होती. पेटीचं दार फक्त बाहेरून बंद व्हायचं. "अंदर से कुंडी लगा देंगे ना बेटा," दलाल म्हणाला, "मिस्त्री अपनाच है."

पप्पांनी त्याच दिवशी इसार दिला नाही. "दादाला दाखवून घेतो," म्हणाले.

दादा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, पाचोडला असतात. आमच्या घरात चाकं असलेली कोणतीही वस्तू मोठ्या काकांचा हात लागल्याशिवाय आलेली नाही, माझी पहिली सायकलसुद्धा. यात भीती नाही. आजोबा लवकर गेले, काकांनी स्वतःची शाळा सोडून पप्पांना आयटीआयला घातलं. पप्पा चाळीस माणसांसमोर लेथच्या गिऱ्हाइकाशी भांडू शकतात, पण काकांसमोर खुर्चीत मागे टेकून बसत नाहीत.

काका एसटीनं आले. आधी वर्कशॉपला जाऊन आमची गाडी बघितली. "हिच्या काचा कुठंयत, बाई? पिंजऱ्यात पोपटावानी बसती व्हय तू?" असं म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारली. मग खांद्यावरचं उपरणं काढलं आणि एक टोक बंपरला धरून गाडीच्या कडेनं ताणत गेले. "पावणेदोन उपरणी," त्यांनी जाहीर केलं.

यार्डात ते थेट पेटीत चढले. "लाव रं दार," म्हणाले. दलालाच्या पोऱ्यानं दार लावून कडी घातली. थोड्या वेळानं आतून धपाधप आवाज आले. दार उघडलं तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता.

"लाव म्हणलं तर लावलंच की यानं!" सगळे हसले. मग काका हसायचे थांबले. "कोण झोपणार यात?"

"मी," पप्पा म्हणाले. "ही पुढं केबिनमधी."

"अन् बाहेरून कुणी कडी घातली तर? पोरगी पुढं एकटी, तू मागं डब्यात. ती वरडली तर तुला ऐकू तरी येईल का?"

"आतून कडी बसवायचीय, दादा."

"आतून बसवली म्हंजी बाहेरची निघून जाती व्हय?"

"बाहेरची कडी काढूनच टाकता येईल, काका," मी म्हणाले.

"काय म्हणती?" काकांनी पप्पांना विचारलं.

"काय नाय," पप्पा म्हणाले.

काका यार्डात फिरायला लागले. ते आमच्या विरुद्ध नव्हते, हे मला लिहायलाच हवं. नात्यातल्या कुठल्याही मुलीनं न केलेली गोष्ट मी करते याचं त्यांना कौतुक होतं. पाचोडच्या पारावर त्यांनी माझे फोटो दाखवलेले होते. त्यांना फक्त मी सुरक्षित हवी होते, आणि त्यांची नजर एका पिकअपवर पडली होती. हौदा उघडा, पत्रा चांगला, इंजिन नवंच म्हणावं असं.

"ही बघ. वरून ताडपत्री टाकायची. रातच्याला गाडी खाली उतरवली की तू मागं हवेशीर झोप, पोरीनं हाक मारली की उठून बस. अन् आपल्या मळ्यातल्या मोसंबीला बी कामाला येईल."

"काका, हा हौदा नऊ फूट आहे. आपली गाडी अकरा."

"फूटबिट तुमच्या कॉन्व्हेंटात, माय. माल बसवायला नजर लागती. मागचा फाळका आडवा सोडला की बसंल." आणि फाळका सोडून, म्हणजे हौद्याचं मागचं झडप साखळ्यांवर आडवं टाकून, त्यांनी पुन्हा उपरणं काढलं.

मी बघत होते. आमची गाडी मोजताना त्यांनी ते उपरणं दोन्ही हातांनी ताणलं होतं, इतकं की किनारीचे धागे उभे राहिले. इथं ते सैल, सुरकुत्या पडलेलं टाकलं होतं. "पावणेदोन. बघ!"

पप्पांच्या कमरेला स्टीलची टेप होती. ती रोजच असते. एका केसाइतका फरक असला तरी ते जॉब परत करतात. त्यांचा हात टेपवर गेला, तिथं थांबला, मग त्यांनी तो पँटला पुसला. काकांनी मोजून झाल्यावर परत मोजणं म्हणजे काय, ते त्या यार्डात आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"बसंल की," पप्पा म्हणाले.

पिकअप घरी आली, नारळ काकांनी फोडला. पहिली फेरी पैठणला दर्शनाला झाली, मम्मी पुढे बसली होती, खूष होती. काका पाचोडला परत गेल्यावर एका रविवारी आम्ही दोन लोखंडी फळ्या लावून गाडी वर चढवली. मी चालवत होते, पप्पा बाजूनं हात दाखवत होते. पुढचा बंपर केबिनच्या पत्र्याला टेकला, तेव्हा मागची चाकं हौद्यात आलेली नव्हती. ती फाळक्यावर होती. साखळ्या करकरल्या. मी आरशात बघितलं तर पप्पा माझ्याकडे नाही, बिजागरीकडे बघत होते, आणि ती वाकत होती.

"उतरव," ते म्हणाले. "हळू."

उतरवल्यावर त्यांनी टेप काढली आणि सगळं मोजलं. हौदा, फाळका, चाकांमधलं अंतर. प्रत्येक माप मोठ्यानं वाचून दाखवलं, जसं काही मला ते नवीन होतं. मग फळीवर बसले. बसताना आधाराला माझा हात धरावा लागला.

"चिकलठाण्याची ती पेटी अजून असेल," मी म्हणाले.

"ही विकायची म्हणजे दादाला सांगावं लागेल का विकली ते."

"सांगू ना."

त्यांनी टेप परत कमरेला अडकवली. मीही पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात ज्या गोष्टी संपतात त्या अशाच संपतात, कुणीही नाही म्हटलेलं नसतं. आठवडाभरानं मी एकटीच चिकलठाण्याला जाऊन आले. पेटी गेली होती. कुणा फर्निचरवाल्यानं नेली, दलाल म्हणाला, आणि पप्पांची तब्येत विचारली.

मार्च आला आणि गेला. ट्रॅकवाल्यांच्या ग्रुपवर फोटो आले, मी ते पूर्ण उघडले नाहीत. पप्पांना आता वाळूजपर्यंत जायलाही पट्टा बांधावा लागतो. आमची गाडी शेडमध्ये आहे. तिच्या बॉनेटवर हळूहळू वर्कशॉपचं सामान जमा होऊ लागलं, आधी एखादा पाना, मग ऑइलचे डबे.

पिकअप मात्र एक दिवस रिकामी नसते. पप्पांना चालवता येत नाही म्हणून मोसंबीच्या दिवसांत सुट्टी काढून मी पाचोडला जाते. मळ्यातून मार्केटपर्यंत भरलेले कॅरेट न्यायचे, रिकामे आणायचे. काका शेजारी बसतात आणि भेटेल त्याला सांगतात, "ही आमची रेसवाली. पण हात असा हलका, की एक मोसंबी दबत नाय." लोक वाकून खिडकीतून माझ्याकडे बघतात. मी मान हलवते.

ते खरंही आहे. भरलेली गाडी वळणावर नेताना खूप आधीपासून वेग कमी करावा लागतो, नाहीतर वरचे कॅरेट सरकतात. पहिल्या दिवसांत मला ते आठवणीनं करावं लागायचं. परवा मी ऑफिसला स्कूटीवरून जात होते, मागे काहीच नव्हतं, आणि वळण यायच्या कितीतरी आधी माझा हात ब्रेकवर गेलेला होता.