रफिकभाईंचा शेवटचा मुखवटा

मंडळी, आज माझ्या हातून एक चेहरा कायमचा गेला.

नाटकांसाठी मुखवटे करणाऱ्या आमच्या रफिकभाईंनी घडवलेला, लॅटेक्स रबराचा म्हातारा राजा माझ्या संग्रहात होता. त्यांचे हात आता थरथरतात, साचाही उरलेला नाही. मुखवटा खचू लागला, म्हणून आत फुगणारा फोम भरायला घेतला.

हार्डवेअरवाल्याने बजावलं होतं, "साहेब, हातमोजे घाला, खिडक्या उघडा. बोटभर थर मारा, वाळू द्या, मगच दुसरा. ह्यो फोम तुमच्या भाषणागत हाय, सुरू झाला की थांबत न्हाय!"

मी हसलो. हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या, आणि अख्खा डबा एका दमात आत सोडला. तासाभरात गाल सुजले, मग नाकापासून हनुवटीपर्यंत चेहरा उभा फाटला.

तो तसाच घेऊन रफिकभाईंकडे गेलो. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "असू द्या की. शेवटचा होता, एवढंच."

कारागिरांची कदर करा, असं मी गावोगाव गरजत आलो. तुमच्याकडे कुणाच्या हातची शेवटची वस्तू असेल, तर तिला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारता का?

मी विचारलं नाही. रफिकभाई दोन गल्ल्या सोडून राहतात.