भुंग्याला शोधणारे दहा

जळालेली मोटार खोलायची, करपलेली तार खाचांतून उपसून काढायची, नवी तार वेढा वेढा मोजून भरायची. वाइंडरचा जन्म यातच गेला. एक वेढा कमी पडला तर गिऱ्हाइकाला कळत नाही, मोटारीला कळतं. म्हणून मोजताना तो कुणाशी बोलत नसे. घराला आग लागली तरी हे आधी कॉइल पुरी करतील, असं बायको म्हणायची.

दुकान मुळात दोघा भावांचं. धाकटा काम करताना सारखा गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत. पाटीही 'भुंगा वाइंडिंग' अशीच लागली. एका सकाळी भुंगा तार आणायला गेला तो गेलाच. भांडण नाही, तंटा नाही. शोधाशोध झाली, पोलीस झाले. पुढे पाटी गंजून पडली, नवी लागली ती साध्या नावाची. गाळा मात्र वाइंडरने बदलला नाही. परत यायचं तर भुंग्याला हाच पत्ता ठाऊक.

आता हात कापू लागले होते, कामं आटली होती. गाळा सोडा, असा मुलाने धोशा लावला होता. सूनबाई एका कंपनीत होती. लोक इंटरनेटवर कोणते शब्द किती वेळा शोधतात, त्याचे आकडे काढणं हे तिचं काम. सासऱ्यांची समजूत पटावी म्हणून तिने एकदा दुकानाचं नाव घालून पाहिलं.

"बघा बाबा, शून्य. काळं कुत्रं विचारत नाही."

"जुनं नाव घाल."

तिने घातलं. महिन्याला दहा.

ते तिने मोठ्याने वाचायला नको होतं.

त्या दिवसापासून वाइंडर दुकानातून हलेना. वीज जायची, पंखा थांबायचा, तरी त्याला कोपऱ्यातून गुणगुण ऐकू यायची. उठून तो एकेका मोटारीवर तळवा ठेवायचा. सगळ्या थंड. शटरसमोर कुणाचं पाऊल रेंगाळलं की हातातली तार सुटायची आणि वेढ्यांचा हिशोब चुकायचा. जन्मात पहिल्यांदा तो भरलेली कॉइल उलगडून पुन्हा भरू लागला.

सूनबाईच्या जिवाला घोर लागला. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, ते दहा म्हणजे खरे दहा नव्हेत. तो अंदाज असतो. एकानेच दोनचारदा शोधलं तरी दहा दाखवतात. कधी माणूस नसतंच, यंत्रं शोधत बसतात. आम्ही तपासायला शोधतो, तेही त्यात येतं."

"असे वेढे मोजून मी मोटार भरली असती तर?"

"धूर निघाला असता. आमच्याकडे धूर निघत नाही, एवढंच."

वाइंडर हसला नाही. "दहा सोड. एक तरी असेल?"

"असेल. नसेलही. त्यावरून सांगता येत नाही."

"मग मी गाळा सोडू कसा?"

मुलाचा घास हातातच राहिला.

"मी शोधतो," तो म्हणाला.

"काय शोधतोस?"

"तेच नाव. ऑफिसात, दुपारी. काकाने कुठे नवं दुकान टाकलं असेल तर हेच नाव ठेवेल, असं वाटतं मला. वर्षं झाली. हिलाही ठाऊक नाही."

सूनबाई बघतच राहिली. "अहो, मग तो आकडा तुमचाच!"

"असेल."

गाळा सोडा म्हणून मागे लागलेला पोरगाच त्या दाराशी जाऊन हाका मारत होता, आणि त्या हाका ऐकून बाप दार उघडून बसत होता.

वाइंडर उठला, हात धुतले. "उद्यापासून सामान काढू," तो म्हणाला. "तांबं वेगळं, लोखंड वेगळं. जड उचलायला तू ये. माझी पाठ साथ देणार नाही."

"येतो." मुलगा घुटमळला. "मग मी शोधणं बंद करू, बाबा?"

वाइंडर टॉवेलला हात पुसत राहिला. पाण्याचा टिपूस उरला नव्हता, तरी पुसत राहिला.

"बंद नको करूस," शेवटी तो म्हणाला. "आकडा तेवढा मला सांगू नका."