दीड किलो कापूस

करीमभाऊ पिंजारी कापूस डोळ्यांनी पारखत नसत. मूठभर घेऊन करकचून आवळायचे आणि मूठ सोडायचे. कापूस फुलून वर आला तर पोतं घरात, नाहीतर परत. "मऊले भुलू नका ताई," ते मला म्हणत, "हाऊ देशी शे, खरबरीत. कितीबी दाबा, परत उठस. मऊ कापूस वरीसभरमा बसी जास." खोळीला जाड, घट्ट विणीचं कापड आणि वीतभर अंतरावर टाके, यात तडजोड नाही.

दर उन्हाळ्यात ते पाचोऱ्याहून जळगावला आमच्या कॉलनीत यायचे. जुनी गादी उसवायची, कापूस अंगणात पिंजायचा, पुन्हा भरायचा. एका खेपेस मला काय अवदसा आठवली कोण जाणे. पिंजण्याआधीचा कापूस मी तोलून ठेवला होता. गादी शिवून झाल्यावर नवऱ्याला ती डोक्यावर देऊन वजनकाट्यावर उभं केलं. त्याचं आणि खोळीचं वजन वजा केलं, तर कापूस दीड किलो कमी भरला.

"करीमभाऊ, कापूस कुठे गेला?" मी विचारलं, तेही शेजारणींसमोर.

माझं माहेर असोद्याचं. कापसातच वाढले मी. जुना कापूस पिंजला की माती, कचरा, तूस किती निघतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

करीमभाऊंनी आपली पिशवी माझ्या पायरीवर पालथी केली. सुया, दोऱ्याचं रीळ, एक सदरा, फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. मग खराटा घेऊन सगळं अंगण झाडलं, कचरा पोत्यात भरून काट्यावर ठेवला. "देखा ताई. इतला निंघना. बाकीना वारावर गया."

वजन जवळपास जुळलं. "असू द्या हो, मी सहज विचारलं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. लाज वाटत होती, आणि तीच लपवायला मी चहा टाकायला आत पळाले. बाहेर आले तर ते गेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते समोरच्या घरी आले. मी खिडकीत होते. त्यांनी पिशवीतून एक नवाकोरा हुकाचा काटा काढला. शेजारीण म्हणाली, "अहो भाऊ, तुमच्यावर कुणाचा अविश्वास आहे का?"

"नही ताई, आधी वजन करीच ल्या," ते म्हणाले. "मना जीव हलका ऱ्हास."

मधे फक्त रस्ता होता. मी गेले नाही. यंदा कळलं, करीमभाऊ वारले. शेवटपर्यंत प्रत्येक दारी ते आधी काटा काढत असत म्हणे.