टाइल्सवाल्याचा फीमाफीचा अर्ज

कॉलेजात फीमाफीचे अर्ज मी तपासतो. बावीस वर्षांत टाइल्सवाल्याइतका निर्लज्ज माणूस पाहिला नाही.

हमरस्त्यावर त्याचं दुकान, मागे गोदाम, वर दुमजली घर. मुलगी बारावीला गेली तसं त्यानं सगळं मेव्हण्याच्या नावावर केलं आणि स्वतः त्याच दुकानात कागदोपत्री नोकर झाला. पगाराच्या दाखल्यावर सही मेव्हण्याची. मला भेटायला आला तो झिजलेल्या चपला घालून. गाडी पलीकडच्या गल्लीत लावली होती. आमचं हातावरचं पोट, म्हणाला. बोटावर अंगठीचा पांढरा वळ मात्र लपवायचा राहिला होता.

कागद चोख होते. अर्ज मंजूर झाला. सही माझीच आहे, आणि तिची मला आजही किळस येते.

त्याच आठवड्यात त्याच्या दुकानात फरशा कापणारी बाई माझ्याकडे अर्ज घेऊन आली. नवरा वारलेला, पदरी एक हुशार मुलगी. तिचा अर्ज उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नव्हता. टाइल्सवाला कर वाचवायला तिची सही मोठ्या पगारावर घ्यायचा आणि हातात त्याच्या निम्मे ठेवायचा. म्हणजे कागदावर ती मालकापेक्षा श्रीमंत. खरा दाखला मागायला गेली तर त्यानं शांतपणे ऐकवलं, "मोठा पगार लिहिलाय तुझा. चार लोकांत मान राहतो, उपकार मान."

मुलीची पदवी झाल्यावर त्यानं मेव्हण्याकडे दुकान परत मागितलं. मेव्हण्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "दाजी, दुकान माझं, तुम्ही नोकर. कागद तुम्हीच केलेत ना?" मग दाखल्यावर होता तेवढाच पगार सुरू केला.

टाइल्सवाला माझ्याकडे रडत आला. मालमत्ता आपली होती असं लिहून द्या म्हणाला. मी त्याचाच अर्ज पुढे ठेवला. 'घर, दुकान, जमीन: काही नाही', त्याच्याच अक्षरात. डोळे पुसत निघून गेला. दया यायला हवी होती, आली नाही.

फरशा कापणाऱ्या बाईनं अर्ज केला त्याच वर्षी दोन कामगारांना साक्षीला आणून कॉलेजच्या फीमाफी समितीपुढे खरा पगार सांगितला होता. नोकरी गेली, पण फी माफ झाली. मात्र समितीचा निकाल लागेपर्यंत त्या वर्षीचे प्रवेश बंद झाले. मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच.