जाताना पावणेपंधरा तास

शोभेचे मासे परदेशी पाठवणाऱ्या त्या शेडमध्ये काकू बावीस वर्षं पिशव्या भरत होत्या. काम दिसायला सोपं. दोन दिवस उपाशी ठेवलेले मासे पिशवीत सोडायचे, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंडाला रबराचे वेढे. खरी मेख मोजणीत. प्रवास जितका लांबचा, तितके पिशवीत मासे कमी. हिशेब एका तासाने चुकला, तर पलीकडे मेलेले मासे निघतात.

नव्या गिऱ्हाइकाची पहिलीच मागणी आली. चौदाशे मासे, आणि विमानतळ आजवरच्या सगळ्यांत लांबचा. नवे मॅनेजर कागद घेऊन आले.

"काकू, विमानाचे तेरा तास, दोन्हीकडची गाडी आणि तपासणी मिळून दहा. तेवीस झाले. पिशवीत चाळीस भरा."

चाळीस माशांना चोवीस तास ऑक्सिजन पुरतो, हे काकूंनीच त्यांना शिकवलं होतं.

"तेरा कुणी सांगितले?"

"गिऱ्हाईक स्वतः तिथूनच आलं ना परवा. थेट विमानाने."

"ते आले. मासे जायचेत."

"अंतर बदलतं का काकू? साडेबारा हजार किलोमीटर. येताना तेवढेच, जाताना तेवढेच."

"वारं बदलतं. येताना पाठीशी, जाताना तोंडावर. पश्चिमेकडे जायला वेळ जास्तच लागतो."

"तुम्ही कधी बसलात विमानात?"

"मी कशाला बसू? माझे मासे बसलेत लाखांनी."

बाकीच्या बायकांनी हसू दाबत पिशव्यांत डोकी घातली. काकूंनी सिलिंडरमागून खोक्याचं एक जुनं झाकण ओढून काढलं. प्रत्येक लांबच्या खेपेनंतर फोन करायला लावून विचारलेलं अंतर, दिशा आणि तास त्यावर पेन्सिलीने लिहिलेले होते. मॅनेजरांनी ते वाचलं. "पस्तीसच भरायचे," काकू म्हणाल्या.

"पस्तीस भरले तर पाच पिशव्या वाढतील. एक खोकं जादा. गिऱ्हाईक विचारेल."

"मासे मेले तर काहीच विचारणार नाही. गुपचूप दुसरीकडे जाईल."

"भरा मग. पण जबाबदारी तुमची."

"इतकी वर्षं कुणाची होती?"

बोलून तर गेल्या, पण खेप निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचं कशात लक्ष लागेना. एकाच टाकीचं पाणी त्यांनी दोनदा बदललं. जेवणाच्या सुट्टीआधी मॅनेजर ऑफिसातून बाहेर आले.

"विमानाला पावणेपंधरा तास लागले. चाळीस भरले असते तर एकूण पावणेपंचवीस तासांना ऑक्सिजन पुरलाच नसता. आता दोनच मेले. बाकी सगळे पोहताहेत."

"कुठल्या पिशवीतले दोन?"

"ते नाही विचारलं."

"विचारायचं."

ते परत गेले, विचारून आले. येताना पुढच्या मागणीचा कागद आणला. त्यावर गाव होतं, अंतर होतं, तासांचा रकाना कोरा होता. त्यांनी कागद आणि पेन काकूंपुढे धरलं.

काकूंनी टाकीतून हात काढलेच नाहीत. "मी सांगते," त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहा. माझे हात ओले आहेत."