सरांची गुऱ्हाळं

कागदावरची जुनी चित्रं हुडकायची, ती कुणाची याचा माग काढायचा, बुरशी झाडून, फाटलेलं जोडून जगवायची, हा उद्योग मी कोल्हापुरात जन्मभर केला. बायको मला भंगारवाला म्हणते. पण माझ्या चित्रकलेच्या सरांची गुऱ्हाळाची जलरंगचित्रं कधी हाती लागली नाहीत. सर गेल्यावर ती नेसरीला, घरच्या ट्रंकेत राहिली. मागितली की काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "असू देत की आमच्याजवळच."

गेल्या हिवाळ्यात सरांच्या मुलाचा फोन आला. "दादा, बघायला या. आबांच्या चित्रांचं एकदम पक्कं काम करून टाकलंय."

मी हरखून एसटीत बसलो. त्यानं चित्रं टेबलावर मांडली. सगळी लॅमिनेट केलेली. एकूण एक.

सर धूर रंगवत नसत. भोवतीनं रंग लावून तेवढा कागद कोरा सोडायचे, आणि चुलवाणाचा धूर आपोआप वर चढायचा. त्या कोऱ्या कागदावर आता ट्यूबलाइट चमकत होती.

"आता पाण्याचं भ्या न्हाय, वाळवीचं न्हाय," तो म्हणाला. "त्यासाठी गडहिंग्लजला हेलपाटे घातले की."

मला ओरडायचं होतं, पण कुणावर? पोरानं बापाची चित्रं जपली होती. एक चित्र घरी नेऊ का, एवढंच मी विचारलं.

घरी येऊन कोपऱ्यातलं प्लॅस्टिक जरासं उचललं. रंग कागद सोडून प्लॅस्टिकबरोबर वर आला. लॅमिनेशनचा डिंक उष्णतेनं कागदात मुरतो; तो काढायचा म्हणजे चित्रच सोलायचं. तसंच ठेवलं तर आतल्या आत पिवळं पडत जाणार. एवढी वर्षं शिकलेलं सगळं मातीमोल वाटलं. मी टेबलाशी बसून रडलो, अगदी हुंदके देऊन.

चित्र परत द्यायला गेलो ते खरं सांगायचं ठरवूनच. "हे प्लॅस्टिक आता कधीच निघणार नाही," मी म्हणालो.

"पण काढायचं कशाला?" मुलगा बुचकळ्यात पडला.

काकूंनी चित्र माझ्या हातातून घेतलं, पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि त्यावरून खसाखसा फिरवलं. कितीतरी वर्षांनी त्या अशा हसल्या.

"तुमचं सर बोटसुदिक लावू द्यायचं न्हाईत," त्या म्हणाल्या. "आता कसं, पुसाय येतंय."